दाराशी काढलेले जोडे

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात इतकी वर्षं पडून आहे की बाहेर काढलं तरी घड्या आपोआप मिटतात. मी त्याला उत्तर दिलं नाही. लिहिलं नाही असं नव्हे. पुष्कळदा लिहिलं, आणि दरवेळी वाचून पाहिलं तर ते फार सभ्य निघालं. मी जन्मभर पुस्तकात तोंड खुपसून बसलेला माणूस. राग मलाही येतो, पण कागदावर उतरेपर्यंत त्याचं आभारपत्र होतं.

पत्र परदेशातल्या एका चर्चच्या समितीवरच्या बाईंचं. चर्चचा वर्धापनदिन होता, आठवणींचं पुस्तक काढायचं होतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘तुम्ही दोघे मित्र आमच्याकडे मदतीला आलात, ते पहिले दिवस आम्ही विसरलेलो नाही. तुमचे मित्र आपले जोडे हातात धरून अनवाणी बाहेर चालत गेले, तेव्हा ती नम्रता पाहून माझे डोळे भरून आले होते. त्या नम्रतेवर चार ओळी लिहाल का?’

नम्रता म्हणे.

त्या मित्राला आम्ही बुवा म्हणायचो, कारण आमच्या चर्चमध्ये पेटी तोच वाजवायचा आणि गाण्याची सुरुवातही तोच करायचा. मला तो पोथी म्हणे. आमच्या पाळकांनी दोघांना वर्षभरासाठी तिकडे धाडलं. बुवाला ऑर्गन वाजवायला, आणि मला त्यांची भाषा येते म्हणून. येते म्हणजे वाचता यायची. बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

बुवाचे वडील चांभार. डोळे अधू झाल्यावर त्यांनी काम सोडलं होतं, पण मुलगा परदेशी निघाला तेव्हा पुन्हा आरी हातात घेतली. कातडं कमावलेलं होतं कुणा गिऱ्हाइकासाठी, ते मुलाच्या पायात गेलं. टाके थोडे वाकडे पडले होते आणि ते लपवायला म्हाताऱ्याने त्यांवर दुसरी ओळ घातली होती. निरोप देताना म्हातारा रडला-बिडला नाही. “पोचल्यावर कळव, चावतात का ते,” एवढंच म्हणाला. “आणि खोटं लिहू नको.”

तिथे आम्हाला चर्चच्या मागे एक खोली मिळाली. ऑर्गनला कुलूप होतं. रविवारी बघू, असं तिथले पाळक म्हणाले आणि आमच्या हातात बादल्या दिल्या. बाकं पुसायची, फरशीवर सांडलेलं मेण सुरीने खरवडायचं, संडास धुवायचे. बुवाने मला विचारलं, यांनी आपल्याला बोलावलंय की कामाला ठेवलंय? मी म्हणालो, सेवा आहे. तो म्हणाला की सेवा घरीही होती, तिथली फरशी एवढी गार नव्हती.

रविवारी आम्ही घरच्यासारखेच दाराशी जोडे काढले. दाराशी दुसऱ्या कुणाचे जोडे नव्हते, हे मला दिसलं. बुवाला सांगावं की नाही अशा विचारात मी होतो तोवर तो आत पोचलाही होता. देवाच्या घरात जोड्यांनिशी शिरतात, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दाराशेजारी एक मोठी लाकडी पेटी होती. पायात यायला नकोत म्हणून आम्ही जोडे तिच्यालगत नीट लावून ठेवले. ती गरिबांसाठी जुने कपडे आणि जोडे टाकायची पेटी होती.

बाहेर आलो तर जोडे नाहीत. पत्रवाल्या त्याच बाई दाराशी होत्या, त्यांना विचारलं. पेटीपाशी ठेवलं ते दानात जातं, असं त्या हसून म्हणाल्या. आत हात घालून शोधलं तर माझे सापडले. बाजारातले होते, कुणाला नको होते. बुवाचे गेले होते.

तो आठवडा बुवाने रबरी चपलांवर काढला. घरी पत्र लिहायला बसला की तारीख घालायचा आणि पेन खाली ठेवायचा. मी पाळकांकडे गेलो. सगळं वाक्य घोकून गेलो होतो, दारात विसरलो. कसंबसं सांगितल्यावर ते म्हणाले, जोडेच ना, त्यात काय एवढं, करतो व्यवस्था.

व्यवस्था पुढच्या रविवारी झाली. उपासनेच्या मध्यावर त्यांनी बुवाला वेदीपाशी बोलावलं. हा आपला बंधू इतक्या गरिबीतून आला आहे की त्याच्या पायात घालायलाही काही नाही, असं सगळ्यांना सांगितलं आणि त्याच्या हातात वापरलेल्या बुटांचा एक जोड ठेवला. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला.

“काय म्हणाला रे तो?” बुवाने विचारलं.

मी सांगितलं. त्याचे कान लाल झाले. पण तो मघापासून माझ्याकडे बघत नव्हता. पहिल्या बाकावर चर्चचे खजिनदार, म्हणजे त्या बाईंचेच यजमान, पायावर पाय टाकून बसले होते आणि त्यांच्या पायात बुवाचे जोडे होते. टाक्यांच्या दोन ओळींसकट. बुवाच्या हातात दिलेले बूटही खजिनदारांचेच होते. दानातले चांगले मिळाल्यावर आपले जुने त्यांनी पेटीत टाकले, हे नंतर बाईंनीच आम्हाला सहज सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

बुवा पायरी उतरला आणि हातातले बूट त्याने खजिनदारांच्या पुढ्यात ठेवले.

“पोथी, सांग याला. माझ्या बापाचे जोडे काढ म्हणावं.”

मी शब्द जुळवू लागलो.

“आणि ‘कृपया’ घालू नको,” बुवा म्हणाला. त्या भाषेतला तेवढा एक शब्द त्याला ओळखता यायचा, कारण आठवडाभर माझ्या तोंडी दुसरं काही नव्हतं.

मी घातलं नाही. भरल्या चर्चमध्ये, मोठ्याने, त्याने सांगितलं तसं बोललो. कसा बोललो देव जाणे. खजिनदार म्हणाले, पेटीपाशी होतं ते दान, नियम आहे. पाळक माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, आत्ता नको, उपासना चालू आहे, याहून चांगले घेऊन देऊ. मी दोन्ही बुवाला सांगितलं.

“थांबतो म्हणावं,” तो म्हणाला आणि खजिनदारांच्या समोर फरशीवर मांडी घालून बसला.

पुढे गीत होतं आणि ते वाजवायचं होतं बुवाने. कुणीतरी खोकलं. लोक पुस्तकं उघडून उभे राहिले, मग हळूहळू बसले. खजिनदारांनी छताकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शेवटी वाकून नाड्या सोडल्या.

बुवाने जोडे सदऱ्याच्या टोकाने पुसले, हातात धरले आणि तो बाहेर चालू लागला. घातले ते बाहेरच्या पायरीवर. आत कसे घालणार, चर्च होतं.

माफी कुणी मागितली नाही. दाराशी पाटी हवी होती, एवढं बाई म्हणाल्या. वर्षभर बुवाने ऑर्गन वाजवला तो जोडे पिशवीत घालून पायाशी ठेवून. वडिलांना त्याने त्याच दिवशी लिहिलं की चावत नाहीत. खोटं नव्हतं ते. खजिनदारांच्या रुंद पायांनी इतके सैल केले होते की चालताना टाच निसटायची. तेवढं मात्र त्याने लिहिलं नाही.

परवा बुवा आला. आता गुडघ्यांनी कुरकुरतो, पण येतो. मी खण आवरत होतो. पत्र पाहून म्हणाला, “अजून इथेच? तू काय वरून उत्तर धाडणार आहेस?” मी त्याला ताजा मसुदा वाचून दाखवला. ‘आपल्या प्रेमळ पत्राबद्दल’ इथपर्यंत आलो.

“पोथी,” तो म्हणाला, “‘कृपया’ घालू नको.”

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

‘बाई, ती नम्रता नव्हती. माझ्या मित्राच्या वडिलांनी शिवलेले जोडे तुमच्या यजमानांनी पायात घातले होते आणि तो ते परत घेऊन चालला होता. हातात धरले, कारण चर्चमध्ये आम्ही जोडे घालत नाही. त्याच्या रागाला तुम्ही इतकी वर्षं नम्रता म्हणत आलात, ते आता थांबवा. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर एवढंच छापा.’

बाई आहेत की नाहीत, ठाऊक नाही. चर्च असेल, पत्ता चर्चचाच घातला. बुवाने माझ्या दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि आम्ही कोपऱ्यावर गेलो. टपालपेटीच्या तोंडाशी माझा हात क्षणभर अडला. ‘आपला नम्र’ असं चुकून तर लिहिलं नाही ना, असं वाटलं. बुवा नुसता बघत उभा राहिला, त्या दिवशी खजिनदारांकडे पाहत बसला होता तसाच. मी पत्र आत सोडलं.