आतला खिसा

माणसाशी माणसासारखं कसं वागावं, हे पोलिसांना शिकवायचं ठाण्याच्या साहेबांनी मनावर घेतलं. फलकावर मात्र 'ऑटिझम असलेल्या व्यक्तींशी' असं लिहिलं होतं. बाकीच्या जनतेचा नंबर बहुधा पुढच्या वर्षी लागणार होता.

बोलायला टेलरबाईंना बोलावलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाला, दादाला, ऑटिझम होता. बोलणं मोजकं, उत्तर सावकाश, मोठा आवाज सोसायचा नाही. दादा बेकरीत पुठ्ठ्याचे खोके घडवायचा आणि त्याच्या खोक्याचा कोपरा कधी वाकडा नसायचा. पण बेकरीपर्यंत एकट्याने जायची चोरी. वाटेत पोलिसाने "काय रे, कुणाकडे बघतोस?" म्हटलं की दादा गप्प, आणि गप्प बसणारा माणूस पोलिसांच्या शास्त्रात अट्टल गुन्हेगार. म्हणून बाई रोज मशीन सोडून त्याला पोचवायला जायच्या. आपल्यामागे याचं कसं होणार, हा घोर त्यांना दिवसरात्र खायचा.

यावर साहेबांनी आधीच दादाला ऑटिझम असल्याचं ओळखकार्ड काढून दिलं होतं. "पोलिसाने हटकलं की कार्ड दाखवायचं, ताई. हाय काय आणि नाय काय!"

कार्ड पडू नये म्हणून बाईंनी दादाच्या प्रत्येक शर्टाला आतून, छातीशी, खिसा शिवला. रोज सकाळी चहा झाला की सराव. बाई कमरेवर हात ठेवून दरडावायच्या, "ए, थांब!" दादा शर्टात हात घालून कार्ड काढायचा. हे जमायला कित्येक महिने गेले. साहेबांनी खिसा पाहिला आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात डोकं."

प्रशिक्षणाच्या दिवशी दादा बाहेर आवारातच थांबला, कारण माईकची शिट्टी त्याला सहन होत नाही. आत बाई सांगत होत्या, आवाज चढवू नका, हात लावू नका, एकानेच बोला, उत्तराला वेळ द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाची तर डोलता डोलता हनुवटी छातीला टेकली. शेवटी टाळ्या झाल्या आणि प्रत्येकाच्या खिशावर चकचकीत बिल्ला लागला.

फाटकावरचा शिपाई तेवढा राहिला. फाटक कुणीतरी सांभाळायला नको का? येणाऱ्या-जाणाऱ्याशी ज्याची पहिली गाठ पडते, नेमका तोच वगळला गेला, हे एवढ्या शहाण्यांत कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दादा आवारातल्या मोटरसायकलींची हँडलं एका रेषेत आणत होता.

"ए, थांब!" शिपाई ओरडला.

दादा थांबला. घरी शिकवलं होतं तसाच, बिनचूक, त्याने शर्टात हात घातला.

"हत्यार काढतोय! धावा!"

सभागृह रिकामं झालं. बिल्लेवाले धावले. एकानेच बोलायचं होतं, ते सगळे बोलले. हात लावायचा नव्हता, म्हणून बहुधा गुडघा लावला. बाई पोचल्या तेव्हा दादा पालथा पडला होता, हात पाठीमागे पिरगळलेले, आणि मुठीत कार्ड. कार्डाखाली साहेबांचीच सही होती.

"गैरसमज झाला, ताई," साहेब म्हणाले. "पण त्यानेही असा शर्टात हात घालायला नको होता."

"कार्ड काढायला तुम्हीच सांगितलंत ना?"

"काढायचं. पण जरा बेताने." साहेबांनी घसा खाकरला. "पुढच्या प्रशिक्षणात हा मुद्दा नक्की घेऊ. तुम्ही याल ना बोलायला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दादाला आधी घरी न्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा संपवून दादा नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला. बाईंना सरावाचं नावही नको होतं, पण रोजचा नेम चुकला की दादाचा दिवस बिघडतो.

"ए, थांब," त्या कशाबशा म्हणाल्या.

दादाने खिशाला हात लावला नाही. तो गुडघ्यांवर बसला, फरशीवर पालथा झाला आणि दोन्ही हात आपणहून पाठीवर नेले. खोक्याचे कोपरे जुळवायचा तसं त्याने मनगटावर मनगट नीट जुळवलं.

प्रशिक्षण वाया गेलं, असं कोण म्हणेल? बाईंना जे शिकवायला महिने लागले, ते पोलिसांनी एका खेपेत शिकवलं.

बाई त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी त्याला हात लावला नाही, हाकही मारली नाही. तो आपणहून उठेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.