खालचा नुक्ता

झारिया शहरातल्या बायकांचा दीनचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग शनिवारी सकाळी भरायचा. तोंडानं विचारायला लाज वाटेल असे प्रश्न चिठ्ठीवर लिहून शिकवणाऱ्या मालमा इंदोंच्या टोपलीत टाकायचे, ही तिथली पद्धत. खाली नाव लिहायचं नाही.

हब्सातुनं आपली चिठ्ठी आठवडाभर मनातल्या मनात लिहिली होती. तलाकनंतर तिच्या हातून एक चूक झाली होती. तो माणूस पुढे लागोसला निघून गेला, तिनं तौबा केली, कुणाला काही कळलं नाही. आता सागिरनं तिला मागणी घातली होती, तीही पहिल्या लग्नातल्या तीन वर्षांच्या लेकीसकट, वलीदासकट. "आई येणार तर लेकरू का नाही?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. जुन्या सासूचा नातीवर डोळा होता. सागिरच्या त्या एका वाक्यानं म्हातारी गप्प झाली होती. एवढ्या भल्या माणसाला न सांगता त्याच्या घरात शिरायचं म्हणजे फसवणूक तर नाही, एवढंच हब्सातुला विचारायचं होतं.

वर्गाची हजेरी तीच लिहायची, त्यामुळे तिचं इंग्रजी लिपीतलं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. म्हणून तिनं अरबी अक्षरांत हौसा भाषा लिहिली, तीही वाकडीतिकडी.

मालमांनी चिठ्ठी उघडली आणि पहिल्याच ओळीला अडखळल्या. "अगं बाई! 'फ'चा नुक्ता खाली? असं आमचे आजोबा लिहायचे. हल्ली कोण लिहितं?"

"कबरीतून आली असेल चिठ्ठी, मालमा!"

"आजी, लग्नाचं विचारत असाल तर नवरा दात असलेला बघा!"

हशा पिकला. हब्सातुही हसली, पण हजेरीच्या वहीत तोंड घालून. वर्गातल्या बाकी सगळ्या नव्या छापील पुस्तकांतून शिकलेल्या, 'फ'चा ठिपका, म्हणजे नुक्ता, वर देणाऱ्या. ती तेवढी लाकडी पाटीवर बाबांच्या हाताखाली शिकलेली. अक्षर वाकडं करताना नुक्ता सवयीनं खाली पडला होता.

सागिरची थोरली बहीण लादिदी हसली नाही. लहानपणी ती वर्षभर हब्सातुच्याच अंगणात शिकायला यायची, आणि नुक्ता वर दिला म्हणून तिनं हब्सातुच्या बाबांच्या छड्या खाल्ल्या होत्या.

प्रश्न मोठ्यानं वाचून मालमा गंभीर झाल्या. "अल्लानं झाकलंय ना? मग आपण उघडायचं नाही. होणाऱ्या नवऱ्यानं विचारलं तरी नाही. तौबा केली, संपलं. आणि दुसऱ्याचं ज्याला कळलं, त्यानंही झाकायचं. बोभाटा करणं हे वेगळं पाप."

वर्ग सुटला तेव्हा लादिदी फाटकापाशी उभी होती. टोपलीतून उचललेली चिठ्ठी तिच्या मुठीत.

"तुझे बाबा शिकवायचे मात्र छान हं."

"याया," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं हब्सातु म्हणाली, "अल्लासाठी..."

"घाबरतेस काय? ऐकलंस ना? मी झाकणार. तुझ्यापायी मला नाही जायचं नरकात. त्याबदल्यात एकच, ते परक्याचं पोर माझ्या भावाच्या घरात नको. आणि हे त्याला तू सांगायचंस. मी बोलले तर माझ्यावरच खेकसेल."

"तीन वर्षांची आहे हो ती."

"बरंय की. लवकर विसरेल."

गुरुवारी सागिर आला तो काखेत वलीदासाठी लहानशी मच्छरदाणी घेऊन. लादिदी आधीच येऊन हब्सातुशेजारी संत्रं सोलत बसली होती. हब्सातुनं मच्छरदाणीकडे बघत सांगून टाकलं, "वलीदाला नाही आणणार मी. तिच्या आजीकडे राहील."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"खरंच गं," लादिदी म्हणाली, "कुणी?"

"कुणी नाही. मलाच नको."

सागिर मच्छरदाणी गुंडाळू लागला. मग उठला. "पोटचं पोर जी टाकते, ती माझं काय सांभाळणार? माफ कर हब्सातु. मला नाही जमायचं."

तो बाहेर पडला. लादिदीनं तिच्यासमोर चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे केले. "बघ हं, माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही."

शुक्रवारच्या नमाजानंतर जुनी सासू आली, दोन दीर मागे घेऊन. "तूच म्हणालीस म्हणे, नको ही पोर."

"मी तसं... नव्हतं म्हणायचं मला."

"सागिरनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून तर लग्न मोडलं त्यानं. का म्हणालीस मग?"

का, ते सांगायचं तर हब्सातुला सगळंच सांगावं लागणार होतं. ते ऐकून तर म्हातारीनं पोर उभ्या पावली उचलली असती. तिनं वलीदाला जवळ ओढलं.

"कपडे दे तिचे. धुतलेले नसतील तर तसेच दे."

हब्सातु घड्या घालू लागली. एका झग्याची घडी तिनं उलगडून पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. शेवटी म्हातारीनं तिच्या हातातून तो ओढून घेतला आणि चुरगाळून पिशवीत कोंबला.

दाराशी धाकट्या काकाच्या कडेवरून वलीदानं विचारलं, "आई कधी येणार?"

"आईला लग्न करायचंय," म्हातारी म्हणाली. "तिला वेळ नाही."