भिंगरीची गैरहजेरी

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचे हात कधी स्वस्थ नसत. वर्गात बाकावर गप्प बसलेली असली तरी मांडीवर बोटं चालूच. शेजारची मुलगी म्हणायची, "हिला चावी दिलेली आहे." भिंगरी त्यावर काही बोलत नसे. मनात जे येई ते तिच्या बोटांतून आपोआप सांडत असे, आणि हे सांगायचं तर बरंच काही सांगावं लागलं असतं.

तिची आई जन्मापासून बहिरी होती. त्यामुळे घरात बोलायचं ते हातांनी, भुवयांनी, मानेने. भिंगरी तोंडाने बोलायला लागली त्याच्या आधीच हातांनी बोलत होती. वडील दुसऱ्या शहरात कामाला गेले आणि तिकडचेच झाले. राहिल्या या दोघी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

आई एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. ओल्या चादरी तापलेल्या रुळांच्या मशीनमधून सरकवायच्या, पलीकडे घडी घालायची. त्या मशीनच्या घरघरीने बाकीच्या बायकांचं डोकं उठायचं. आईला मात्र तेवढी एक गोष्ट सोपी गेली होती.

बाकी काहीच सोपं नव्हतं. घरमालकाशी भाडेवाढीबद्दल बोलायचं, वीज गेली की तक्रार करायची, दुकानदाराने भलतंच सामान दिलं तर बदलून आणायचं, डॉक्टरांकडे काय होतंय ते सांगायचं, हे सगळं भिंगरीकडे. मोठी माणसं तिच्या डोक्यावरून आईशी बोलत आणि तिने मध्ये उभं राहून दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवायचं. कचेऱ्या आणि दवाखाने उघडायचे त्याच वेळी शाळाही भरायची. मग शाळा बुडायची. एकदा बुडाली की दुसऱ्या दिवशी वर्गात काय चाललंय ते कळत नसे, म्हणून जावंसं वाटत नसे.

आई बहिरी आहे हे तिने या शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं. आधीच्या शाळेत मुली आईच्या घशातून निघणाऱ्या आवाजाची नक्कल करायच्या. तेव्हापासून पालकसभा आली की भिंगरीच सांगून टाकी, "आईची कामाची पाळी आहे, तिला जमणार नाही."

शाळेचा कारकून नियमाप्रमाणे घरी फोन करी. फळीवरचा फोन थरथरे. आई अनोळखी नंबर बघे आणि परत ठेवून देई. कारकून वर्गशिक्षिकेला सांगे, "घरून कुणी फोनच उचलत नाही. या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नाही." शेवटी प्रकरण नगरपालिकेच्या हजेरी अधिकाऱ्याकडे गेलं आणि त्याने निरोप धाडला, पालकांनी बुधवारी सकाळी कार्यालयात यावं.

भिंगरीने तो निरोप आईला सांगितला तेव्हा एवढंच सांगितलं, की नगरपालिकेत बोलावलंय. का, ते सांगितलं नाही. आणि बुधवारी तिची शाळा पुन्हा बुडाली.

अधिकारी निवृत्तीला आलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गृहस्थ होता. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर तेच तेच ऐकून विटलेला. टेबलाच्या एका बाजूला वर्गशिक्षिका बसल्या होत्या. आई खुर्चीच्या कडेवर टेकली आणि भिंगरी तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"तुमची मुलगी निम्मे दिवस शाळेत नसते," अधिकारी म्हणाला. "तिच्या शिक्षणाचं तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

आईने फक्त मुलीकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की या बाईला ऐकू येत नाही. तो जरा अडखळला आणि भिंगरीला म्हणाला, "सांग आईला."

भिंगरीचे हात क्षणभर थांबले. मग तिने आईला सांगितलं, "ते म्हणतात, मुलगी हुशार आहे. आणखी लक्ष दिलं तर पुढे जाईल."

आईचा चेहरा फुलला. तिने छातीवर हात ठेवून अधिकाऱ्याला आणि बाईंना मान लववली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" अधिकारी म्हणाला. "असंच चालू राहिलं तर आम्हाला कारवाई करावी लागेल. हेही सांग."

"ते म्हणतात, खाऊनपिऊन तब्येत सांभाळा," भिंगरीच्या हातांनी सांगितलं.

बाई इतका वेळ भिंगरीकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तू आईला नक्की काय सांगितलंस?"

भिंगरी खाली बघत राहिली. आईने एकेकाचा चेहरा न्याहाळला. चेहरे वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. तिने तळहात टेबलावर आपटला. सगळे दचकले. मग तिने भिंगरीला आपल्याकडे बघायला लावलं आणि हातांनी म्हणाली, "हा माणूस रागावलाय. तू मला खोटं सांगतेस."

भिंगरी रडायला लागली. हुंदक्यांतून तिने बाईंना सगळं सांगितलं, घरमालकापासून दवाखान्यापर्यंत. अधिकाऱ्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे ही आज शाळेत गेली नाही, ती मी इथे बोलावलं म्हणून," तो म्हणाला.

"आणि आम्ही फोन करत बसलो," बाई म्हणाल्या. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांना."



अधिकाऱ्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत स्वतः फोन लावला. तिथे खुणांची भाषा जाणणारी एक दुभाषी बाई होती. तिचेही आईवडील बहिरे. पुढची भेट त्याच कार्यालयात तिच्यासोबत ठरली, आणि तीही भिंगरीची शाळा सुटल्यावरची.

त्या दिवशी दुभाषी बाईने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज तुझी सुट्टी. तू बाहेर बस."

भिंगरी बाहेरच्या बाकावर बसली. दार पुरतं लागलं नव्हतं. आजवर आई कुणाशी बोलली आणि भिंगरी मध्ये नव्हती, असं घडलंच नव्हतं. आता आतून एका परक्या बाईचा भरदार, शांत आवाज येत होता आणि तो म्हणत होता, "मला वाटतं, माझी मुलगी माझ्यामुळे मागे पडली." ते आईचं बोलणं होतं. भिंगरीने आईचं म्हणणं नेहमी स्वतःच्या बारीक आवाजातच ऐकलं होतं. आपली आई अशी मोठ्या बाईसारखी बोलते हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणी आपलं घर बाहेरून कुलूप लावून बंद केल्यासारखं तिला वाटलं.

आत वर्गशिक्षिका विचारत होत्या, "आणि दवाखान्यात इतक्या वेळा कशासाठी जावं लागतं?"

तो भरदार आवाज म्हणाला, "डोळ्यांत घालायचे थेंब आणायला. डॉक्टर म्हणालेत, थेंबांनी बरं होईल."

 भिंगरी उठली आणि दार ढकलून आत गेली.

"थेंबांनी बरं होणार नाही," ती म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती, तोंडानेच बोलत होती. "काचबिंदू आहे. ऑपरेशन केलं नाही तर नजर जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. ते घाईत होते. मला म्हणाले, आईला नीट समजावून सांग. मी सांगणारच होते. पण आईला ऐकूच येत नाही, त्यात दिसेनासंही झालं तर मी तिच्याशी बोलू कशी? माझे हात उचललेच नाहीत. मी तिला थेंब म्हणाले."

दुभाषी बाई उठली. मग भिंगरीला म्हणाली, "बस तू. हे मी सांगते."

ती आईसमोर खुर्ची ओढून बसली आणि सावकाश, एकेक खूण करत तिने सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही हात उचलला नाही. शेवटी तिने विचारलं, आणि दुभाषी बाईने ते भिंगरीला ऐकवलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"सहामाही परीक्षेच्या आधीपासून."

आई ओरडली नाही, रागावली नाही. तिने फक्त मान खिडकीकडे वळवली. ज्या घरात हातांनी बोलतात तिथे पाठ फिरवणं म्हणजे बोलणं संपवणं. घरी जाताना वाटभर आईचे दोन्ही हात पदराखाली होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत बरंच काही झालं आणि भिंगरीला त्यातलं काहीच करावं लागलं नाही. अधिकारी इस्पितळात जाऊन ऑपरेशनचं ठरवून आला. नगरपालिकेने दुभाषी बाईचा वेळ मागून घेतला, कार्यालयासाठीही आणि दवाखान्यासाठीही. लॉन्ड्रीच्या मुकादमाने आईची पाळी बदलून दिली. शाळेच्या कारकुनाने फोन करायचं सोडलं आणि तो सोप्या शब्दांत संदेश पाठवू लागला. आईला थोडंफार वाचता येत होतं. पहिल्या संदेशाला आईचं उत्तर आलं तेव्हा तो फोन घेऊन बाईंना दाखवायला वर्गापर्यंत गेला म्हणतात. बाई दुभाषी बाईकडून चार खुणा शिकल्या. त्यांची "शाबास"ची खूण "भूक लागली"सारखी दिसायची, पण भिंगरीने त्यांना ते सांगितलं नाही.

भिंगरी रोज शाळेत जाऊ लागली. हजेरी घेताना नाव आलं की "हजर" म्हणायची आणि खाली बसायची. पण शाळेत रोज जायचं म्हणजे रोज मधल्या सुट्टीतही असायचं. मुलींचे घोळके आधीच ठरलेले होते. ती जिन्याच्या पायरीवर बसून डबा खायची आणि या घडीला आई कुणाशी काय बोलत असेल याचा विचार करायची. एवढे दिवस तिला वाटायचं, या सगळ्यातून सुटका व्हावी. सुटका झाली तर हातांना कामच उरलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशीही ती वर्गात गणितं सोडवत होती. आईनेच तसं बजावलं होतं. शाळा सुटल्यावर बाई तिला स्वतः इस्पितळात घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याला उशीर झाला होता, त्यात आता धुकंच राहणार होतं. डावा वाचेल असं डॉक्टर म्हणाले, पण त्यावर पट्टी होती.

दुभाषी बाई पलंगाजवळ हात मांडीवर ठेवून बसली होती. "मी काय सांगणार?" ती म्हणाली. "तिला माझे हातच दिसत नाहीत."

भिंगरी पलंगावर चढून बसली. तिने आईचा तळहात उघडला आणि आपली बोटं त्यात ठेवून हळूहळू बोलायला सुरुवात केली. "मी आहे. ऑपरेशन झालं. एक डोळा चांगला राहील. हे खरं सांगतेय."

आईने ती बोटं चाचपून पाहिली. खरं, ही खूण तिने पुन्हा करायला लावली. मग मुलीचा हात ओढून त्यात आपली बोटं फिरवली. "एवढं सगळं एकटीने कशाला उचललंस?"

 भिंगरीने आईच्या तळहातावर आपलं कपाळ टेकवलं आणि तशीच पडून राहिली. बाई आणि दुभाषी बाई उठून बाहेर गेल्या.

आईचा डावा डोळा वाचला. वर्ष संपता संपता पालकसभा होती आणि आई पहिल्यांदाच शाळेत आली. दुभाषी बाई सोबत होती. सगळ्या वर्गासमोर आईचे हात हलले, घशातून तो आवाजही निघाला. दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. शेजारच्या मुलीने भिंगरीला विचारलं, "तुझी आई असं बोलते? मला एखादी खूण शिकव ना." भिंगरीने तिला एक सोपी खूण दाखवली, पण लक्ष पुढेच होतं. बाई आणि आई फळ्यापाशी बराच वेळ बोलत होत्या, पण वर्गातल्या गलक्यात आवाज ऐकू येत नव्हता, आणि आईची पाठ तिच्याकडे असल्यामुळे तिला एक अक्षर कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने आईला विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"आमचं मोठ्यांचं बोलणं होतं," आईचे हात म्हणाले.

"पण माझ्याबद्दलच ना?"

"तुझ्याबद्दलच."

"मग सांग की."

आईने नकाराची मान हलवली. ती हसत होती. भिंगरीला राग आला आणि ती चार पावलं मागे राहून चालू लागली. फाटकापाशी दुभाषी बाईने निरोप घेतला. आई न थांबता पुढे जात होती, आणि मागून कितीही हाका मारल्या तरी तिला ऐकू जाणार नव्हत्या. थोडं अंतर तसंच गेलं. मग भिंगरी धावत जाऊन तिच्या पुढे उभी राहिली, म्हणजे आईला तिचे हात दिसतील.