सशांची मान धरणारी पेटी

मित्रांनो, मी लाकडाची आहे, जुनी आहे आणि रागावलेली आहे. धारवाडात केलगेरीच्या बाजूला एक औषधांचं कॉलेज आहे. त्याच्या अडगळीच्या खोलीत मी पडून असते. माझ्या पुढच्या फळीला एक गोल भोक आहे. ससा आत बसायचा, त्याची मान त्या भोकातून बाहेर यायची आणि वरची फळी सरकवली की त्याला हलता येत नसे.

१९९७ साली जुन्या हुबळीतल्या मारुती सुतारानं मला घडवलं. काम नेटकं होतं, कुठं एक कुसळ राहिलं नव्हतं. मापासाठी त्याच्यापुढं तीन-चार महिन्यांचं पिल्लू ठेवलं होतं. त्यानं त्याच्या मानेला दोरा गुंडाळला आणि विचारलं, "सर, हे अजून वाढणार की. थोडं सैल ठेवू?"

"सैल नको. हललं की सुई निघते," कॉलेजात संशोधन करणारे श्रीनिधी सर म्हणाले.

सरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी कबूल करते. सलाईन लावलं की कित्येकांच्या हाताची शीर सुजते, लाल होते, ठणकते. तोच आजार सशाच्या कानातल्या शिरेत तयार करायचा, म्हणजे त्यावरचं औषध तपासता येईल. ह्याला ते 'मॉडेल' म्हणत. रोज दोन तास ससा माझ्यात बसे आणि त्याच्या डाव्या कानाच्या शिरेत थेंब थेंब सलाईन जाई. उजव्या कानाला कुणी हात लावत नसे. तो तुलनेसाठी होता.

ससे वाढले, मी तेवढीच राहिले. माझं लाकूड त्यांच्या मानेत रुतू लागलं आणि कान सुजू लागले. दोन्ही कान! सरांनी त्याचाही अर्थ लावला. म्हणे, आजार एका कानातून दुसऱ्या कानात पसरतो. बेंगळूरहून पाहुणे आले, पेढे वाटले, माझ्यासकट फोटो निघाला. चौदा ससे मारून त्यांच्या कानांचे पातळ काप काचेवर ठेवले गेले. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

बोलली ती हिराबाई. ती सशांचं गवतपाणी बघायची. "सर, ससं मोठी झाली बघा, भोक हाय तेवढंच. गळा आवळला तर कान सुजणारच की!"

"हिराबाई, तुम्ही गवत घाला," सर म्हणाले.

सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या स्वातीनं मात्र ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं हिराबाईसमोरच सुई न टोचता एक ससा दोन तास माझ्यात बसवला. दोन्ही कान सुजले. तिनं सरांना सांगितलं.

"लेख छापायला गेलाय. तुझा प्रबंधही ह्याच्यावरच आहे," सर म्हणाले. स्वाती गप्प बसली.

हिराबाईला गप्प बसवेना. सहा ससे अजून जिवंत होते. तिनं मारुतीला बोलावून कानशीनं माझं भोक मोठं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी उजवा कान थंडगार, डावा सुईच्या जागी जरासा लाल. एवढा गाजलेला आजार एका कानशीनं पळाला!

सरांचा पारा चढला. "पेटीला हात कुणी लावला?"

"मी लावला. स्वातीअक्का, तुमास्नी ठावं हाय. सांगा की."

स्वातीनं मान खाली घातली. हिराबाईचं काम त्याच दिवशी गेलं. तारिहाळच्या कारखान्यातून माझ्या जुन्या मापाची लोखंडी पेटी आली, ते सहाही ससे तिच्यात बसवले गेले आणि शेवटी तेही मारले गेले. तो दिवस आठवला की अजून माझा जळफळाट होतो.

२००६ साली स्वाती, आता मॅडम झालेली, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या खोलीत आली. तिनं माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "ह्या पेटीच्या जुन्या मापामुळं वीस ससे फुकट मेले. मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही." तिचे डोळे भरले होते. मला काडीचीही दया आली नाही.

शीतल नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हिराबाई आता कुठं असतात?"

"मला माहीत नाही," स्वाती म्हणाली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला धूळ खाऊ द्या, वाळवी लागू द्या. आधी हिराबाईला शोधून काढा. आणि तिची माफी मागून होईपर्यंत एकाही सशाला पेटीत घालू नका.