तिसरी पुकार

मला क्षमा करायला जमत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. रविवारच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी खोकते. अकरा वर्षं खोकतेय. पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी एकदा मला घशाच्या गोळ्या आणून दिल्या. मी त्या घेतल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा खोकले.

जिच्यामुळे हा खोकला लागला ती आमच्या चर्चच्या कुटुंब समितीची प्रमुख. तोंडावर मी तिला ताई म्हणते, मनात समितीबाई. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग तीच घेते, दर बुधवारी आयांची सभा तीच भरवते, कुणाच्या घरात भांडण झालं की चपला काढून सगळ्यात आधी आत तीच शिरते. चर्चच्या मागच्या खोलीत तिने 'आनंदी घराचे सात नियम' लिहून भिंतीवर लावलेत. सातवा नियम आहे, घरातली गोष्ट घरात ठेवावी. वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

माझ्या मुलीला लहानपणापासून फीट यायच्या. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. ती तेवीस वर्षांची असताना तिचं लग्न ठरलं, आमच्याच मंडळीतल्या एका मुलाशी. मुलाला तिने स्वतः सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मला चालतं, आईला मी सांगतो. सांगतो सांगतो म्हणत तो दिवस ढकलत होता. मला झोप लागेना. अशात समितीबाई घरभेटीला आली, माझ्या पलंगावर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मन मोकळं कर. तू, मी आणि प्रभू. चौथ्या कानाला जाणार नाही." मी मूर्खासारखी सगळं ओकले. तिने डोळे मिटून इतकी सुंदर प्रार्थना केली की मी रडले.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहून दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नसते. लोक तेवढ्यात घड्याळ बघून घेतात. माझ्या मुलीच्या तिसऱ्या पुकारीला समितीबाई उभी राहिली.

"हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त प्रेमाने विचारते. मुलीच्या फीटच्या आजाराची मुलाच्या आईवडिलांना कल्पना आहे ना?"

प्रेमाने! मुलाच्या आईने जी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ती मान मला अजून दिसते. शुक्रवारी लग्न मोडलं. मुलगा चकार शब्द बोलला नाही. वर्षभरात ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. आणि समितीबाई मला म्हणते कशी, "पुढे कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते बरं झालं." माझ्या हातात तेव्हा कात्री होती. प्रभूनेच सांभाळलं, मला नव्हे, तिला.

तर हे असं. माझं शिवणाचं दुकान आहे, दोन मशीन, एक मोठा आरसा आणि पडदा लावलेला एक कोपरा. माझी मुलगी माझ्याबरोबर काम करते. बारीक काम तिचं, कापणं माझं. आता ती चौतीसची आहे. गोळ्या चालू आहेत, सात वर्षांत एकही फीट नाही. लग्नाचं नाव तिने पुन्हा काढू दिलं नाही. तिचं सगळं जग म्हणजे तिचा संडे स्कूलचा वर्ग. चौदा पोरं, पाच ते आठ वर्षांची. शनिवारी ती माझ्या चिंध्यांतून त्यांच्यासाठी बाहुल्या शिवते, मेंढरं शिवते, एकदा तर अख्खा देवमासा शिवला. गेल्या चार-पाच वर्षांत नवीन इस्पितळ झालं, त्याच्या नोकऱ्यांमुळे आमच्या बाकांवर निम्मी मंडळी नवी आली. ती चौदातली दहा पोरं त्यांचीच. त्या लोकांना तिचं जुनं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी ती नुसती टीचर.

यंदा समितीबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. गाऊन शिवायला ती मुलगी माझ्याच दुकानात आली. आईने दुसरीकडे जायला सांगितलं होतं म्हणे, पण हिला माझ्या मुलीच्या हातचं भरतकाम हवं होतं. ही तिच्या पहिल्यावहिल्या वर्गातली. अजून टीचर म्हणते. मला मावशी म्हणते. गोड पोर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी माप घेतलं, कापड कापलं.

तीन आठवड्यांनी ट्रायलला आली तर चेन वर जाईना. मी पुन्हा टेप लावला. कमरेत दीड इंच वाढ, छातीत एक. हात, दंड, मान तेवढेच. तीस वर्षं बायकांची मापं घेतेय मी, खाऊन वाढलेलं अंग आणि हे अंग मला कळतं. मी आरशात तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मावशी, आईला माहीत आहे. प्लीज कुणाला सांगू नका."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नकोस गं, गाऊनवर डाग पडतील," म्हटलं. आणि मनात म्हटलं, वा! समितीबाई! जोडप्यांच्या वर्गात पावित्र्यावर तासभर बोलणारी! मागच्या वर्षी एका पोरीचं असंच कळलं तेव्हा तिला हॉलमध्ये समारंभ करू दिला नव्हता हिने, घरातल्या घरात उरका म्हणाली होती. त्या दिवशी मी मशीनवर बसून चक्क गाणं गुणगुणले. मुलगी म्हणाली, "आई, बरी आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी भरतकामाचा धागा आणायला गेलेली असताना, समितीबाई आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत. खुर्ची दिली. बसली नाही.

"तुला कळलंय," ती म्हणाली.

"काय ते, ताई?"

"उगाच छळू नकोस. गाऊन सैल होईल का?"

"होईल की. शिवणीच्या आत मी सगळीकडे इंचभर माया ठेवते, म्हणजे जास्तीचं कापड. ती सोडते, कमरेवर चुण्या घालते. कुणाच्या बापाला कळणार नाही."

तिने सुस्कारा सोडला. मी तो पुरता सोडू दिला. मग म्हणाले, "पण ताई, पहिली पुकार झाली. अजून दोन आहेत. पाळकसाहेब विचारतील, कुणाची हरकत आहे का. मीही मंडळीतलीच. मी प्रेमाने काही विचारलं तर?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. अकरा वर्षं घशात रुतलेलं हाड कुणीतरी उपटून काढावं तसं.

"काय हवंय तुला?" तिने विचारलं.

मला काय हवं होतं ते मला अकरा वर्षांपासून पाठ होतं. "तिसऱ्या पुकारीला तुम्ही उभं राहायचं. तुमच्या मुलीच्याच पुकारीला. जिथे उभ्या होतात तिथेच. आणि तुम्ही माझ्या मुलीचं काय केलंत ते सगळ्यांसमोर बोलायचं. अर्धवट नाही. विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर मांडलं, तिचं लग्न मोडलं, हे सगळं. नाही बोललात, तर मी उभी राहते."

तिने आरशात स्वतःकडे पाहिलं. मग म्हणाली, "मुलीला विचारलंस का?"

"माझ्या मुलीचं मला तुम्ही शिकवू नका."

ती हात जोडून गेली. खरंच हात जोडून!

मुलीला मी एका अक्षराने सांगितलं नाही. म्हटलं, कानांनी ऐकेल तेव्हा तिच्याही काळजाला गारवा मिळेल. दुसरी पुकार झाली. मी गाऊन उसवला, माया सोडली, चुण्या घातल्या. असं काम मी जन्मात केलं नसेल. रागात माझा हात फार चांगला चालतो.

तिसऱ्या रविवारी मी चांगली साडी नेसले, पाचव्या बाकावर कडेला बसले, सगळं दिसावं म्हणून. पुढचे दोन बाक संडे स्कूलच्या पोरांचे. पुकार झाली की मग ती मागच्या खोलीत वर्गाला जातात. मुलगी त्यांच्यात बसली होती, मांडीवर एक शेंबडं.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

समितीबाई उभी राहिली. लोकांची घड्याळं जागच्या जागी राहिली.

"हरकत नाही," ती म्हणाली. "मला माझं पाप सांगायचंय. अकरा वर्षांपूर्वी मी इथेच उभी राहिले होते. आपल्या संडे स्कूलच्या टीचरचं लग्न ठरलं होतं. तिला फीट येतात, हे तिच्या आईने मला प्रार्थनेसाठी, विश्वासाने सांगितलं होतं. ते मी भर उपासनेत बोलले. तिच्या या आजारपणामुळे मग त्या लोकांनी लग्न मोडलं. ते माझ्यामुळे मोडलं. मी ते प्रेमाने केलं म्हणत आले. प्रेमाने नव्हतं केलं. मला सगळं आधी माहीत आहे हे दाखवायला केलं." आणि ती रडायला लागली. नाटकी नाही. खांदे गदगदत होते.

देवा, काय वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं उठून टाळ्या वाजवाव्यात. जुन्या लोकांच्या माना खाली गेल्या होत्या. त्या वेळी याच लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. मी एकेकाकडे पोटभर बघून घेतलं. बघ, तू बघ, आणि तूही बघ.

मग माझी नजर नव्या लोकांवर गेली. ते समितीबाईकडे बघतच नव्हते. ते पुढच्या बाकाकडे बघत होते. इस्पितळात औषधं देणारी एक बाई आहे, तिचं शेंबडं माझ्या मुलीच्या मांडीवर होतं. ती अर्धवट उठून उभी राहिली होती, बोटांनी पुढचा बाक घट्ट धरून.

तेवढ्यात मांडीवरच्या पोराने खणखणीत आवाजात विचारलं, "टीचर, फीट म्हणजे काय?"

मला माझ्या मुलीची फक्त पाठ दिसत होती. तिने त्याला खाली वाकून काहीतरी सांगितलं. मग उभी राहिली आणि नेहमीसारखी पोरांची रांग लावून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. चौदा गेली. पाळकसाहेबांचं प्रवचन अर्ध्यावर यायच्या आत सहा आया एकेक करून उठल्या आणि आपापलं पोर घेऊन आल्या. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. एक म्हणाली, आज जरा लवकर जायचंय. दुसरी म्हणाली, याला सर्दी आहे. पुढच्या रविवारी वर्गात चार पोरं होती, चारही जुन्या घरची.

समितीबाईच्या मुलीचं गुपित मी टाके घालून बंद केलं होतं. माझ्या मुलीचं मी स्वतःच्या हाताने उसवलं. आणि उसवायला माणूसही निवडलं ते तेच.

त्या रविवारी दुपारी मी तिला सगळं सांगितलं. काय अट घातली, का घातली. "तुझ्यासाठी केलं गं," म्हटलं. "तिला एकदा तरी नाक घासायला लावायचं होतं."

ती मेंढराच्या पोटात कापूस भरत होती. भरायची थांबली नाही.

"अकरा वर्षांपूर्वी उभं राहण्याआधी तिने मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तूही विचारलं नाहीस."

"अगं, पण ती..."

"आई, मला ते लोक माफी मागताना नको होते. मला ते विसरलेले हवे होते. विसरले होते ते."

मी खाली सांडलेला कापूस गोळा करायला लागले.

बुधवारी नवरी शेवटच्या ट्रायलला आली. मी सवयीने टेप गळ्यात अडकवला आणि पडद्याकडे निघाले. मुलगी आधीच आत होती. चेन वर जाताना ऐकू आली, एका दमात. नवरी हलकेच म्हणाली, "टीचर, माझ्यामुळे झालं ना हे सगळं?" माझी मुलगी म्हणाली, "नाही गं वेडे. श्वास घे बघू. कुठे दाटतंय?"

मी पडदा सरकवला. "चुणी बघू का जरा? डावीकडे..."

मुलीने माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला, अगदी अलगद.

"आई, तू बाहेर थांब," ती म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.