पाण्याच्या नळीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं, रक्त फिरवणारं यंत्र आहे. तपासणीच्या खोलीत सगळे मला आजीबाई म्हणतात, तेव्हा बाईसारखीच बोलेन. शिकलेली नाही, पण फिरलेली पुष्कळ! पोटात रक्ताच्या नळ्या ठेवा, झाकण लावा. लाल गाळ खाली, पिवळं पाणी वर, असं निवडून देते. नळ्या मात्र समोरासमोर सारख्या हव्यात. एक कमी पडली तर तिथं साध्या पाण्याची नळी. नाहीतर मी असा थयथयाट करते की टेबल हलतं.

नवी होते तेव्हा काय माझा तोरा! पाहुण्यांना आधी मला दाखवायचे. आता कंबर गेली, झाकणाला चिकटपट्टी लागली. शेजारी गुळगुळीत नवं यंत्र आलंय; ते मिरवतं, मी राबते.

मागे एक मोठी तपासणी निघाली. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोड उठतात, त्याला आपण जर म्हणतो. त्याचा विषाणू धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतो का, हे बघायचं होतं. चाळीस जणांचं रक्त आलं. नळ्या सांभाळणारी ताई तात्पुरत्या नेमणुकीवर. हे काम साधलं की तुला कायम करू, असा मोठ्या डॉक्टरांचा शब्द होता.

तीन नळ्यांत विषाणू सापडला. डॉक्टर हरखले. ताई मात्र ओठाला हात लावून उभी! त्या आठवड्यात तिलाच जर आला होता, आणि हात गुंतले की नळीचं झाकण ओठांत धरायची तिला खोड. मला ते कितीदा खुपलं होतं; पण मला विचारतं कोण?

तिनं माझ्यातली पाण्याची नळीही तपासली. तिचंही झाकण तसंच ओठांत धरलेलं. तिच्यातही विषाणू!

"सर, तो माझाच असणार. तिन्ही नळ्यांत."

"अगं, पाण्याचं कुणी विचारलं होतं का तुला?"

"पाण्याला कधी जर येतो का, सर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या नेमणुकीचं मग मला सांगता येणार नाही हं."

"माहितीये," ती म्हणाली. लगेच तिनं चाळिसांची यादी काढली.

सगळ्यांना पुन्हा बोलावलं. ताईनं तोंडाला पट्टी बांधली. मी कण्हत कण्हत पुन्हा फिरले. त्या तिघांच्या रक्तात काही निघालं नाही. भलत्याच एकाच्या निघालं, तीनदा तपासूनही निघालं. डॉक्टरांनी नाराजीनं 'एक' लिहिलं. ताईला कायमचं पत्र मिळालं नाही, सहा महिन्यांची मुदतवाढ तेवढी मिळाली.

मित्रांनो, दमले आहे मी. कौतुक नको. काम झालं की मला पुसत जा, आणि दुसऱ्याचं रक्त हाती असताना आपलं तोंड लांब ठेवा. तरीही चूक झालीच, तर सांगून मोकळे व्हा. पुन्हा सुई टोचायची म्हटल्यावर माणसं कुरकुरतात, पण येतात. त्या चाळिसांतला एकही घरी बसला नव्हता.