दिवे विझवणारा माणूस

शाहूपुरीच्या चौकात जोतीराम शिंपी खोक्यावर उभा राहून बोलत होता आणि खाली बसलेली माणसं कान देऊन ऐकत होती. हंबीरराव पानपट्टीच्या आडोशाला थांबले होते. बोलणं ऐकू येत होतं, पण त्यांची नजर माणसांवरच खिळली होती.

ही माणसं एके काळी त्यांची होती. महायुद्धात ते पेठेचे हवाई हल्ल्याच्या बंदोबस्ताचे वॉर्डन होते. त्यांनी शिट्टी फुंकली की पेठेतले कंदील पटापट विझत, बाया पोरांना ओढत खंदकात उतरत. बॉम्ब काही पडला नाही. पण हंबीरराव जागे आहेत म्हणून आम्हाला झोप लागते, असं लोक म्हणायचे. युद्ध संपलं, खंदक बुजले आणि हंबीरराव पुन्हा गुळाच्या अडतीवर ढेपा तोलू लागले.

आता अणुबॉम्ब नको म्हणून सह्या आणि अंगठे गोळा करणं चाललं होतं. जोतीराम सांगत होता, या बॉम्बपुढं खंदक नाही आणि शिट्टीही नाही. तो कुणी टाकूच नये, एवढंच आपण म्हणू शकतो. हंबीररावांना ते पटत होतं. पटत होतं म्हणूनच जास्त झोंबत होतं. त्यात बायकांच्या पुढच्या रांगेत त्यांची बायको तानाबाई दिसली. पदर सावरायचंही विसरून ती जोतीरामाकडं बघत होती. शिट्टीच्या दिवसांत ती अशी त्यांच्याकडं बघायची.

लोक सह्या करायला उठले, तसे हंबीरराव पुढं झाले.

"करा की सह्या," ते म्हणाले. "पर उद्या फौजदार दारात आला तर माझ्याकडं येऊ नगासा. नावं समदी वर जात्यात."

असं त्यांनी कुठंही ऐकलेलं नव्हतं. पण आवाज वॉर्डनचा होता. एकजण चप्पल शोधू लागला, दुसऱ्याला म्हशीची धार आठवली. बघता बघता चौक रिकामा झाला.

जोतीराम खोक्यावरून उतरला. "मामा, पयलं नाव तुमचंच घालायचं हुतं," तो म्हणाला. "तुमच्या मागनं सारी पेठ आली असती."

हंबीररावांनी पाठ फिरवली. ते तडक घरी आले. लोकांनी अजून आपलं ऐकलं, याचा आनंद गल्लीच्या तोंडापर्यंतच टिकला.

तानाबाई बऱ्याच वेळानं आली. तिनं चूल पेटवली, पीठ मळलं. ती भांडेल म्हणून ते वाट बघत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "बघितलंस न्हवं? ऐकत्यात अजून माझं."

"व्हय," ती म्हणाली. "भित्यात अजून."

तिनं भाकरी ताटात टाकली. तिच्या डाव्या अंगठ्याला शाई होती. राखेनं घासूनही ती निघाली नव्हती. तिनं अंगठा लपवला नाही. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी सरकवला आणि पुढची भाकरी थापायला घेतली.